शेठजींची एकुलती एक गाडी

१९ मे. आज इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं काम काढलं होतं. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. एकेक झाकण फिरवून काढायचं, आत टॉर्च मारायचा, पातळी खाली गेली असेल तिथे नरसाळ्याने पाणी घालायचं, सांडलेलं पुसायचं. माझी शहाद्यात घरातच रक्त तपासायची लॅब आहे. फ्रिजमध्ये तपासणीची औषधं असतात आणि फ्रिज दिवसभर बंद राहिला की ती फेकून द्यावी लागतात. म्हणून माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, इन्व्हर्टर दमला तर लहान जनरेटर आहे, आणि जनरेटर रुसला तर बर्फवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवलेला आहे.

अर्धी झाकणं उघडी असताना ह्यांचा फोन आला. आमचे हे हायस्कूलमध्ये शिकवतात. सुट्टी लागल्यापासून मोबाइलवर गाड्या बघणं एवढाच त्यांचा उद्योग. आज थेट नंदुरबारच्या शोरूममधून बोलत होते.

"इलेक्ट्रिक घेऊन टाकू. आपली जुनी हेच लोक घेतायत. उद्यापर्यंत सांग, म्हणजे बुकिंग करतो."

"आणि घरात तेवढी एकच गाडी?"

"मग किती ठेवायच्या? आपण काय आमदार आहोत?"

"लाइट गेली तर?"

"तुझ्याकडे आहेत ना उपाय सतराशे साठ."

"उद्या सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. खिडकीतून समोर पाहिलं. शेजारच्या पाटलीणबाईंची डिझेलची गाडी नेहमीसारखी दोन चाकं आमच्या गटारीवर चढवून उभी होती. त्या गटारीवरूनच आमचं वर्षभर बोलणं बंद आहे. खिडकी लावून घेतली आणि पुन्हा बॅटरीकडे वळले, पण डोक्यात शेठजी येऊन बसले ते बसलेच.

शहाद्याला येण्याआधी माझी लॅब धडगावला होती, शेठजींच्या घराच्या तळमजल्यावर. आठवडाभर मी तिथे राहायची, शनिवारी खाली शहाद्याला घरी यायची. शेठजी आमचूरचे व्यापारी. आजोबा राजस्थानातून आले, वडिलांनी सातपुड्यात दुकान टाकलं, आणि शेठजी उन्हाळाभर पाड्यापाड्यांवरून येणारा सुकवलेला आंबा घेत, पारखत, पोती शिवून खाली बाजारात पाठवत. गोदामाची भिंत माझ्या लॅबला लागून होती. चैत्र-वैशाखात माझ्या अ‍ॅप्रनलाही आमचुराचा वास यायचा. रक्त द्यायला आलेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटायचं.

जागा ठरली त्याच दिवशी पहिला धक्का बसला. शेठजींनी नवं कुलूप आणलं होतं, दोन किल्ल्यांचं. मी हात पुढे केला. त्यांनी एक किल्ली माझ्या हातावर ठेवली, दुसरी उंबऱ्याच्या दगडावर ठेवली, हातोडा घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत ठोकून ठोकून तिचा पत्रा केला.

"अहो, हे काय!" मी ओरडलेच.

"दुसरी किल्ली असली की माणूस पहिली हरवतो," ते शांतपणे म्हणाले. "आता तुम्ही हरवणार नाही."

आपण कुणाच्या घरात भाड्याने आलो, या विचाराने मी त्या दिवशी गारच पडले. किल्ली मात्र शेवटपर्यंत हरवली नाही, हेही सांगायला हवं.

त्यांच्याकडे सगळंच एक. चपलेचा जोड एक, घड्याळ एक, जेवायची थाळी एक, पेन एक. दुसरं आणलं की पहिल्याचा मान जातो, असं त्यांचं म्हणणं. एकदा पोतं उचलताना चष्मा पडला आणि फुटला. नवा खालून यायचा होता. मी म्हटलं, "एक जास्तीचा करून ठेवायला काय जातं?" तर म्हणाले, "आमचूर काय वाचायचा असतो?" नवा चष्मा येईपर्यंत ते नाकाने आणि बोटांनी माल घेत राहिले. त्या दिवसांत एकानेही त्यांना ओला माल विकून दाखवला नाही. जिना उतरताना मात्र भिंत चाचपत यायचे आणि मला दर वेळी वाटायचं, आज हाड मोडणार.

हे वेड होतं तसा त्यामागे धर्मही होता. शेठजी जैन. त्यांच्यात सकाळी उठून दिवसाचे नियम धरायची रीत आहे: आज किती पदार्थ खाईन, किती वस्त्रं वापरीन, कोणत्या वाहनात बसेन, कोणत्या दिशेला किती लांब जाईन. दिवसापुरता नियम, संध्याकाळी संपला. पुष्कळ जण धरतात आणि त्यांचं काही अडत नाही, कारण प्रत्येक नियमाला आगार ठेवता येतं. आगार म्हणजे सवलत, अडीनडीची वाट. आजारपण आलं, अचानक काही घडलं, चुकून झालं, तर नियम मोडला असं होत नाही. हे सगळं मला शेठजींच्या पत्नीने, भाभींनी समजावलं होतं. भाभीही रोज नियम धरायच्या, आगार ठेवून.

शेठजी आगार ठेवत नसत.

"दार उघडं ठेवून कुलूप लावायचं का?" ते विचारायचे.

"आगार नसलेला नियम म्हणजे नियम नाही, हट्ट," भाभी आतून म्हणायच्या.

त्यांच्याकडे तेव्हा डिझेलची एक जुनी जीप होती आणि एक स्कूटर. वाहनांच्या बाबतीत एकाचा नियम त्यांना जमत नव्हता आणि ते त्यांना टोचत असे. मग एका चातुर्मासात ते खाली प्रवचनाला गेले आणि परत आले ते विजेवरची गाडी ठरवूनच. आल्या आल्या सांगून टाकलं: जन्मभराचा नियम घेतला आहे. घरात वाहन एकच, विजेचं. तेलावर चालणाऱ्या कुठल्याही गाडीत बसणार नाही. नियम देणाऱ्या महाराजसाहेबांनी दोनदा विचारलं, आगार ठेवायचं ना? शेठजी म्हणाले, नको.

मी जिन्यातच बसले. धडगावात! जिथे वारा सुटला की तारा तुटतात, घाटात झाड पडलं की लाइट कधी येईल ते सांगता येत नाही, चार्जिंगची जागा घाटाखाली. आणि शेठजींच्या छातीत आदल्याच वर्षी स्प्रिंग टाकलेली. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, पुन्हा दुखलं तर वेळ घालवू नका, सरळ नंदुरबार गाठा. ते सरळ गाठणं म्हणजे आधी घाट चढायचा, मग उतरायचा, मग पुढचा सपाटीचा रस्ता.

"शेठजी, अडचण आली तर?" मी विचारलं.

"ताई, गाडी एकच असली की माणूस तिला जपतो. दोन असल्या की दोन्ही बिघडतात."

"आणि भाभी? त्यांना माहेरी जायचं असलं तर?"

"ती जाईल एसटीने, रेल्वेने. नियम माझा आहे, तिचा थोडाच आहे?"

भाभी गव्हातले खडे काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऐकलं ना ताई? नियम त्यांचा आहे. माझा नाही." तेव्हा मला तो नुसता टोमणा वाटला.

पांढरी गाडी आली. जीप आणि स्कूटर त्याच आठवड्यात गेल्या. विकून द्यायचं काम शेठजींनी गॅरेजवाल्या चाचांवर सोपवलं होतं. चाचांचं घर आमच्या पाठीमागच्या गल्लीत, घरापुढेच गॅरेज. त्यांच्या वडिलांनी शेठजींच्या वडिलांचा ट्रक सांभाळला, चाचांनी जीप सांभाळली. चाचांनी डोळे पुसत गिऱ्हाईक शोधलं असं शेठजीच सांगायचे. गोदामात जाड वायरचं बटण बसलं आणि रात्रभर आमचुराच्या पोत्यांमध्ये गाडी चार्ज होऊ लागली.

गाडी चांगली होती, खोटं कशाला बोलू. फक्त आवाज नव्हता. पाड्यावर शिरली की कोंबड्या हलायच्याच नाहीत. पाड्यावरची एक पावरा आदिवासी आजी एकदा मेलेली कोंबडी घेऊन दुकानातच आली. "शेठ, गाडीला घुंगरू बांध," म्हणाली. सगळे हसले. शेठजी हसले नाहीत. त्यांनी कोंबडीचे पैसे दिले, बैलबाजारातून घुंगरमाळ आणली आणि गाडीच्या पुढच्या बंपरला बांधली. तेव्हापासून धडगावात विजेची गाडी छुमछुम करत यायची. बाहेरगावचे साहेब लोक जीपमधून वाकून वाकून बघायचे.

त्या गाडीने मला एकदा पायी चालवलं आहे. औषधांची खोकी घेऊन मी शहाद्याहून वर निघाले होते, शेठजी म्हणाले, चला. मे महिना, काचा खाली, एसी बंद. घाट लागला तसे ते चार्जिंगच्या आकड्याकडे बघायला लागले आणि एका वळणावर गाडी बाजूला घेतली.

"ताई, एवढा चढ पायी येता का?"

मला वाटलं, थट्टा करतायत. ते दार उघडून उभे राहिले.

"आणि औषधं?"

"औषधं बसू देत. त्यांना चालता येत नाही."

गाडी छुमछुम करत वर गेली. मी, वय वर्षं पन्नासच्या पुढची बाई, पदर डोक्यावर घेऊन घाट चढत होते. सरपणाचे भारे घेतलेल्या दोन बायका माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. वर पोहोचले तर शेठजी झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन उभे. म्हणाले, "चढताना खर्च, उतरताना कमाई. आता बघा, उतारावर पुन्हा भरते." आणि खरंच, उतारावर आकडा वाढत होता. त्यांना इतका आनंद झाला होता की मला भांडताही येईना.

एक गोष्ट मला तेव्हा कळायची नाही. त्या गाडीला ऑइल नाही, फिल्टर नाही, तरी शेठजी दर थोड्या दिवसांनी चाचांच्या गॅरेजवर असत. मी एकदा विचारलं, "तुमच्या गाडीला गॅरेजचं काय काम?" तर म्हणाले, "टायर तर रबराचेच आहेत ना ताई. हवा लागतेच." मीही चाचांच्या अंगणातून जा-ये करायची. मागच्या कोपऱ्यात भंगाराच्या ढिगाशेजारी निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं असायचं. ताडपत्रीवर कोंबड्या बसलेल्या असायच्या. मी त्याला भंगारच समजत होते.

मग तो वारा सुटला. मेच्या अखेरीची दुपार होती. धुळीने सातपुडा दिसेनासा झाला. वाळत घातलेला आमचूर झाकता झाकता सगळी गल्ली धावली. वीज गेली ती गेलीच. घाटात खांब आडवे झाल्याचं संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलही मुके झाले. शेठजी वारा सुटायच्या जरा आधीच शहाद्याला माल पोहोचवून आले होते. गाडीत जेमतेम तळाशी काही उरलं होतं.

"माझा जनरेटर लावून बघू थोडा," मी म्हटलं.

"पेट्रोल जाळून केलेली वीज माझ्या गाडीत नको."

"आणि तुमच्या तारेत येते ती कशाची असते? कोळशाचीच ना?"

"कोळसा मला दिसत नाही. तुमचा जनरेटर दिसतो. ऐकूही येतो."

चाचाही तिथेच उभे होते. म्हणाले, "ताई, तुमना जनरेटर फ्रिजपुरता शे. गाडी त्याले पेलाव नही." तो विषय तिथे संपला. वीज आली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाभी जिन्यावरून नुसतं "ताई!" एवढंच ओरडल्या. मी वर धावले. शेठजी पलंगावर बसले होते, अंग घामाने भिजलेलं, मूठ छातीवर. मी खालून ईसीजीचं मशीन आणलं. इन्व्हर्टर अजून जिवंत होता. पट्टी काढली. कागद घेऊन समोरच्या ग्रामीण रुग्णालयात धावले. डॉक्टर ताबडतोब आले, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "इथे थांबवू नका. खाली न्या. आपली अ‍ॅम्ब्युलन्स बाळंतिणीला घेऊन गेली आहे, ती येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही."

शेठजी बोलत होते, हे वाईट. "माझ्या गाडीत न्या," ते म्हणाले.

"तिच्यात घाट चढण्याइतकं आहे का?" भाभींनी विचारलं.

शेठजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ताई, तुम्ही गाडी बघा," भाभी मला म्हणाल्या.

"तेलाच्या गाडीत मी बसणार नाही," शेठजी म्हणाले. ओठ काळेनिळे पडलेले आणि हे वाक्य. "नियम मोडून जगण्यापेक्षा..."

"वाक्य पुरं करू नका," भाभी म्हणाल्या. मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता.

मी स्टँडवर पळाले. लग्नसराई होती. जीप वऱ्हाडं घेऊन गेलेल्या. एक उभी होती तिचा ड्रायव्हर नव्हता, ड्रायव्हर सापडला तर किल्ली मालकाकडे आणि मालक लग्नात. शेठजींनी ठोकून पत्रा केलेली ती किल्ली माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मला रडू नव्हे, संताप आला. रिकाम्या हाताने परत फिरले. गल्लीच्या तोंडाशी आले आणि जागच्या जागी थांबले.

दारात जीप उभी होती. शेठजींची जीप. विकलेली. तीच ती, डावा दिवा पिवळा, मागच्या फळीवर वडिलांचं नाव अजून पुसट. इंजिन धडधडत होतं. स्टिअरिंगवर चाचा. टपावर ताडपत्रीचा निळा धागा अडकलेला, आणि बॉनेटवर कोंबडीची विष्ठा.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"मी परत घेतली होती," भाभी म्हणाल्या. त्या पाण्याची बाटली, चादर, डॉक्टरांचा कागद एका पिशवीत भरत होत्या. "विकली त्याच आठवड्यात. चाचांच्या नावावर. तुम्हाला दुसरी मिळाली असती तर ही दाखवायची नव्हती. नियम त्यांचा आहे, माझा नाही. चला, उचलायला हात लावा."

आम्ही वर गेलो. शेठजींनी खिडकीतून जीप पाहिली होती की नाही, मला माहीत नाही. इंजिनाचा आवाज तर घरभर घुमत होता. चाचांनी खांद्याला धरलं, तसे शेठजींनी डोळे मिटले आणि मान टाकली.

"गेले?" भाभी किंचाळल्या.

मी नाडी धरली. होती. श्वास होता. "बेशुद्ध झाले असतील," मी म्हटलं. "लवकर."

मागच्या लांब सीटवर त्यांना निजवलं. मी मनगट धरून खाली बसले, भाभी डोकं मांडीवर घेऊन. चाचांनी घाट असा घेतला की आजवर मी तशी गाडी कुणी चालवलेली पाहिली नाही. एका ठिकाणी झाड अर्धं रस्त्यावर होतं, चाचांनी जीप शेताच्या बांधावरून काढली. नाडी हातातून सुटू नये एवढंच मी बघत होते.

आणि तेव्हा मी ते पाहिलं. पहिल्या मोठ्या वळणावर जीप कलली, आणि शेठजींच्या उजव्या हाताने सीटखालचा लोखंडी दांडा घट्ट धरला. वळण सरळ झालं, हात सुटला. पुढच्या वळणावर पुन्हा धरला. डावं वळण असलं तर डाव्या बाजूने जोर. बेशुद्ध माणूस वळण ओळखून दांडा धरत नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पापण्या मिटलेल्या होत्या, पण घट्ट, लहान मूल औषध घेताना मिटतं तशा.

मी हादरले. इतकी की नाडीची मोजणी चुकली. हा माणूस शुद्धीत होता. शुद्धीत राहून बेशुद्ध पडला होता. भाभींकडे पाहिलं, त्या समोर रस्त्याकडे बघत नवकार मंत्र म्हणत होत्या. मी नाडी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. नंदुरबारच्या दवाखान्याच्या फाटकात जीप शिरेपर्यंत त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत.

वेळेत पोहोचलो. थोडा उशीर झाला असता तर उपयोग झाला नसता, असं तिथले डॉक्टर नंतर म्हणाले. पुन्हा स्प्रिंग बसली. दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. भाभी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, जवळ गेल्या नाहीत. रात्रभर त्यांनी मला एकच सांगितलं होतं: "शुद्धीवर आले की विचारतील, कशातून आणलं. कळलं की अन्न सोडतील. मी ओळखते त्यांना." वाचवलेल्या माणसाला वाचवल्याचं कसं सांगायचं, ही त्यांची धास्ती.

शेठजींनी डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं. मग भाभींकडे बघून हळू आवाजात विचारलं, "पहिल्या सेल्फला चालू झाली?"

भाभींना आधी समजलंच नाही. "काय?"

"जीप. पहिल्या सेल्फला चालू झाली का? मागच्या पंधरवड्यात जरा कुरकुरत होती."

भाभी पलंगाची पट्टी धरून खाली बसल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"टायरमध्ये हवा कोण भरत होतं?" शेठजी म्हणाले. "उभी गाडी मरते. दर थोड्या दिवसांनी चालू करावी लागते. मी बसलो नाही हां. बाहेर उभा राहायचो. चाचा चालू करायचा."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू मला बोललीस?" ते थांबले. दम लागला होता. "तुला कधी गरज पडली तर गाडी चालू स्थितीत असायला नको? नियम माझा आहे."

ती जीप आपल्यालाच लागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. भाभी रडतायत की हसतायत ते मला कळेना. मी खोलीबाहेर आले. व्हरांड्यात चाचा बिडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत बसले होते.

"चाचा, तुम्हाला दोघांचं माहीत होतं?"

"ताई, मी काय बोलू?" ते म्हणाले. "दोन्हीस्नी माले सांगेल व्हतं, कोणले सांगू नको. टाकी भाभी भरी जायेत. पंधरा दिवसमा शेठ येवाले, म्हणे, टाकी भर. मी म्हणे, भरेल शे. ते म्हणे, कसं काय? मी म्हणे, पितच नही ती." त्यांनी कपाळावर हात मारला. "दोन्ही एकाच घरमा ऱ्हातस आनि माले मधमा उभा करतस."

शेठजी घरी आले, वीज आल्यावर भरून आणलेल्या आपल्या गाडीतून, घुंगरू वाजवत. नियम मोडला का, यावर त्यांनी स्वतःच निकाल दिला: मी बेशुद्ध होतो, बेशुद्ध माणसाचा नियम मोडत नाही. त्या चातुर्मासात त्यांनी नियम पुन्हा घेतला आणि या वेळी आगार ठेवलं. भाभींनी त्या दिवशी गोडाची लापशी केली. जीप चाचांच्या अंगणातच राहिली, ताडपत्रीखाली. घरात वाहन एकच.

लॅब शहाद्याला हलवताना मी निरोप घ्यायला गेले तेव्हा शेठजी एकटे होते. मी म्हटलं, "शेठजी, घाटात वळणावर तुम्ही दांडा धरत होतात. मी पाहिलं."

त्यांनी आमचुराची एक फोड उचलली, वास घेतला, परत ठेवली. "बेशुद्धीत माणूस काहीही धरतो, ताई," ते म्हणाले. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

बॅटरीची झाकणं लावून झाली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. हात धुतले आणि सरळ धडगावला फोन लावला. शेठजींनीच उचलला.

"शेठजी, एक विचारायचं होतं. नुसत्या एका विजेच्या गाडीवर घर चालतं का?"

"न चालायला काय झालं? माझं चाललं की. चांगलं चाललं."

मागून भाभींचा आवाज आला, "द्या इकडे." फोन हातातून हातात गेला. "ताई, ह्यांचं ऐकू नका. आधी मला सांगा, तुमच्या शेजारी कोण राहतं?"

"पाटलीणबाई."

"गाडी आहे त्यांच्याकडे?"

मी खिडकी उघडून पाहिलं, जणू मला माहीतच नव्हतं. "आहे. डिझेलची."

"बोलणं आहे तुमचं?"

"नाही."

"मग घेऊ नका," भाभी म्हणाल्या, आणि आमचूर पाठवते म्हणून फोन ठेवून दिला.

२० मे. सकाळी भांडी घासून झाली तशी मी गेल्या वर्षीच्या आमचुरातला अर्धा डबा एका पिशवीत काढला आणि शेजारी गेले. दार वाजवलं. पाटलीणबाईंनी उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय वं माय, आज रस्ता चुकनी का?"

"आमचूर आणलाय," मी म्हटलं. "धडगावचा. आणि गटारीचं काय करायचं तेही बोलू."

त्यांनी पिशवी हातात घेतली, तोंड उघडून वास घेतला. "मंग बाहेर काय उभी ऱ्हायनी? मझार ये."

मी चपला काढल्या. आत जाता जाता त्यांच्या गाडीच्या टायरांकडे एकदा पाहून घेतलं. हवा बरी होती. तिथूनच ह्यांना फोन केला, बुक करा म्हणून.